बायको 'ठीक आहे' लिहून पुढे पूर्णविराम देते, म्हणजे ती चिडलेली असते का?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला सहा महिने झालेत, बायको प्रत्येक मेसेजच्या शेवटी टिंब देते, 'ठीक आहे.' 'निघते.' 'जेवून घे.' आणि मित्र म्हणतात की ती मनातून धुमसतेय. या मित्रांची लग्नं झालीत का ते आधी विचारा.

मी स्वतः टिंब देणारी आहे. पुण्यात मुद्रितशोधनाचं काम करते, दिवसभर लोकांच्या वाक्यांना पूर्णविराम लावायचे आणि संध्याकाळी नवऱ्याला मेसेज करताना बोट आखडायचं, हे मला जमत नाही आणि जमवायचंही नाही.

आमच्याकडे यावरून झालेलं महाभारत ऐका. सासूबाई कराडहून एसटीने येणार होत्या, सातपर्यंत पोचतील असा अंदाज, मी त्याआधी घरी पोचायचं असं ठरलेलं. नवरा चाकणला सेकंड शिफ्टला. चारच्या सुमारास त्याचा मेसेज, 'आई आली'. बास, एवढंच. आता आपल्या भाषेत 'आई आली' हे सांगणंही होतं आणि शेवटी सूर चढवला की विचारणंही होतं, 'का' लावला नाही तर सगळा भार त्या एका प्रश्नचिन्हावर, आणि तेच साहेबांनी खाल्लेलं. मला वाटलं आधीची गाडी मिळाली, त्या बिचाऱ्या बॅग घेऊन बंद दारासमोर उभ्या असणार. मी 'बरं.' लिहिलं, प्रुफं तशीच टेबलावर टाकली, सुट्टी मागितली (मागितली म्हणजे सांगितली), रिक्षा केली, वाटेत मेथीची जुडी आणि दूध घेतलं, तीन जिने चढून वर येते तर दाराला कुलूप आणि समोर चिटपाखरू नाही. फोन लावला तर सासूबाई खंबाटकीच्या घाटात, गाडीत छान झोप लागली होती म्हणाल्या.

तो विचारत होता! आणि माझं 'बरं.' वाचून त्याने अर्थ काढला की आई येणार म्हटल्यावर हिचं तोंड वाकडं झालं. अहो, 'आई आली का' याचं उत्तर 'बरं' असू शकतं का? तिथेच कळायला नको का की समोरचीला काहीतरी वेगळं समजलंय? पण नाही, टिंब दिसलं ना. बरं ते मला विचारायचं तर बहिणीला फोन. मी मेथी निवडायला बसले तोच नणंदेचा फोन, 'वहिनी, आईने यायचं नाहीये का तुमच्याकडे, तसं असेल तर स्पष्ट सांगा.' सासूबाईंना रात्री सगळं कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, 'मोबाईल माझ्याकडे होता ना, मला का नाही विचारलंस?' त्यांच्या स्वतःच्या मेसेजमध्ये दर दोन शब्दांनी चार टिंबं असतात, 'जेवलात का....गोळी घेतली....पाऊस आहे....' आणि त्यावरून कोणाला काही शंका येत नाही, टिंब फक्त सुनेचं बोचतं.

नवऱ्याने नंतर मला पुरावाही पाठवला. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात 2015 मध्ये 126 विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला होता, मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असेल तर वाचणाऱ्याला ते कमी मनापासूनचं वाटतं, असा. मी तो पूर्ण वाचला, त्याने फक्त हेडिंग वाचलं होतं. त्यातच आहे की तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असेल तर टिंबाने काही फरक पडत नाही. आणि कमी मनापासूनचं म्हणजे चिडलेलं नव्हे. शिवाय ती इंग्रजीतली कॉलेजची पोरं, त्यांच्यावरून कराडच्या घरातला निकाल कसा लागणार.

मग त्याचा पुढचा मुद्दा, पेशव्यांनी विनाटिंबाचा कारभार केला. खरंय, मोडीत विरामचिन्हं नव्हती, शब्दसुद्धा सलग लिहायचे, ही चिन्हं मराठीत रुजवली मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने, त्याचं विरामचिन्हांवरचं पुस्तक 1850 चं. पण पेशवाईतल्या कागदांच्या शेवटी 'लेखनसीमा' असायचं, 'मोर्तब सूद' असायचं, म्हणजे इथे संपलं हे त्यांनाही सांगावं लागतच होतं. मी तेच एका टिंबात करते.

तर तुमचं. बायको पहिल्यापासून सगळीकडेच टिंब देत असेल, दूधवाल्याला, मैत्रिणीला, ऑफिसच्या ग्रुपवर, तर तो तिचा हात आहे, राग नाही. एरवी न देणारीने अचानक 'ठीक आहे.' पाठवलं तर मात्र फोन करा. फोन म्हणजे फोन, 'चिडलीस का' असा मेसेज नको, त्याला 'नाही.' असं उत्तर आलं की तुम्ही परत इथेच प्रश्न टाकाल. आणि तुम्ही काही विचारत असाल तर प्रश्नचिन्ह द्या, ते दिल्याने कोणाचा कमीपणा होत नाही, हे मी आमच्याकडे अजून सांगतेच आहे. अंगठा पाठवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

हे मी माझ्या घरावरून लिहिलंय, काही जणी मुद्दाम टिंब मारतात हेही खरं, माझी एक मैत्रीण मारते. आणि घरातही दोन-दोन दिवस अबोला असेल तर विषय टिंबाचा नाही, तो वेगळा आहे. अजून एक राहिलं, बऱ्याच फोनमध्ये दोनदा स्पेस दाबला की पूर्णविराम आपोआप पडतो. तिच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ते चालू आहे का बघा, पण तिला विचारून बघा, नाहीतर फोन का चाळतोस यावरून नवीन सुरू होईल.