विकिरण की विखुरणं?

प्रश्न असा आला आहे : 'क्यूक्स या सर्किट-सिम्युलेटरमध्ये फिल्टरचं सिम्युलेशन केलंय, अहवाल मराठीत लिहायचाय. स्कॅटरिंग पॅरामीटरला "विखुरण्याचे मापदंड" म्हटलं तर चालेल का?'

माझं मत, नको. मापदंड म्हणजे निकष, तो लावून आपण बरंवाईट ठरवतो. इथे हवा तो पॅरामीटरसाठीचा गणितातला शब्द, प्रचल. आणि विखुरणं म्हटलं की अंगणात सांडलेले दाणे डोळ्यांपुढे येतात, कुठे किती गेले कुणी मोजत नाही. स्कॅटरिंग पॅरामीटर, म्हणजेच एस-पॅरामीटर, ही तर नेमकी तीच मोजदाद : आत सोडलेल्या लहरीचा किती भाग कुठे गेला.

एक छोटं सर्किट काढून पाहा. ५० ओहमचे दोन पोर्ट (लहर आत-बाहेर जाण्याच्या जागा) आणि मधे एकसर जोडलेला ५० ओहमचा रेझिस्टर. सिम्युलेशन चालवलं की एस११, म्हणजे पोर्ट १ ला परत आलेला भाग, येतो ०.३३ आणि एस२१, म्हणजे पोर्ट २ ला पोचलेला भाग, येतो ०.६७. हे लहरींच्या आयामाचे आकडे. शक्ती हवी तर वर्ग करा : नऊ भागांतला एक आल्या वाटेने परत फिरला, चार पलीकडे पोचले, उरलेले चार रेझिस्टर तापवण्यात गेले. नवाचे नऊ जुळले!

यासाठी आपल्याकडे शब्द आहे, विकिरण. आकाश निळं का दिसतं ते शाळेत शिकताना 'प्रकाशाचे विकिरण' आपण वाचलेलंच असतं. तो 'किरण'ला 'वि' लावून झालेला नाही. संस्कृत 'कॄ' म्हणजे पसरणे, विखुरणे, त्या धातूचा आहे. विकीर्ण, प्रकीर्ण, संकीर्ण ही त्याचीच भावंडं. घोटाळा होतो तो हिंदीमुळे. तिथे विकिरण म्हणजे रेडिएशन, आपलं प्रारण. आणि स्कॅटरिंगला ते प्रकीर्णन म्हणतात. मराठी कानाला मात्र 'प्रकीर्ण' म्हणजे इकडचं तिकडचं, किरकोळ. म्हणून तो शब्द उचलू नये असं मला कळकळीने वाटतं.

अहवालात पहिल्यांदा 'विकिरण प्रचल, म्हणजेच एस-पॅरामीटर' असं लिहा, पुढे खुशाल एस-पॅरामीटर. लॅबमध्ये सगळे तेच म्हणतात. पोर्टही पोर्टच राहू दे.

आणखी एक. एस२१ म्हणजे 'दोनमधून एककडे' नव्हे. आधीचा आकडा लहर कुठे बाहेर पडली त्याचा, नंतरचा कुठून शिरली त्याचा; म्हणून 'पोर्ट १ मधून पोर्ट २ कडे' असं पूर्ण लिहा. वरच्या रेझिस्टरला दोन्ही दिशा सारख्याच, चूक लक्षातही येणार नाही. पण अ‍ॅम्प्लिफायर असेल तर गेनच्या जागी उलट दिशेची गळती लिहून बसाल.