शाळेत वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुलं आहेत. भाषांची विविधता साजरी करायला काय करता येईल?

२१ फेब्रुवारीचा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन हे चांगलं निमित्त आहे. १९५२ साली याच दिवशी ढाक्यात, तेव्हाच्या पाकिस्तानात, बंगालीलाही राजभाषेचा दर्जा मिळावा म्हणून निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, काहींचे जीव गेले. युनेस्कोने १९९९ मध्ये हा दिवस जाहीर केला. मोठ्या मुलांना हा इतिहास जरूर सांगा.

पण पोशाख घालून स्टेजवर 'नमस्कार' म्हणण्यापुरता कार्यक्रम नको. त्यापेक्षा घरच्या आजी-आजोबांकडून एखादी छोटी गोष्ट त्यांच्याच भाषेत फोनवर रेकॉर्ड करून आणायला सांगा. वर्गात ती आधी अर्थ न सांगता ऐकवायची. मुलं आवाजाच्या चढउतारावरून अंदाज बांधतात, कुणी रागावलं का, कुणी पळालं का. मग ज्याच्या घरची गोष्ट आहे तो उलगडून सांगतो. एरवी शाळेच्या भाषेत अडखळणारं मूल त्या दहा मिनिटांत वर्गाचा शिक्षक होतं, आणि मला यातलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. लाजणाऱ्या मुलाला मात्र आग्रह करू नका.

कर्णबधिरांची सांकेतिक (खुणांची) भाषाही विसरू नका, तिचा दिवस २३ सप्टेंबर.

आणि वर्षभर एक पाळा: मधल्या सुट्टीत घरची भाषा बोलली म्हणून कुणाला टोकायचं नाही. गटात गणित सोडवताना दोघं आपल्या भाषेत चर्चा करत असतील तर करू द्या. समजलेलं गणित ती शाळेच्या भाषेत नंतर मांडू शकतात.