गोधडीचे प्रश्न: न जुळणाऱ्या ओळी, झोल आलेला काठ

प्रश्न: पहिलीच गोधडी शिवते आहे. साडेसहा इंचांचे चौकोन मोजून कापले, दहा-दहाच्या ओळी जोडल्या. ओळ साडेसाठ इंच यायला हवी. काही साठ भरतात, एक तर एकोणसाठच्या जेमतेम पुढे. कापताना चुकलं का?

उत्तर: कापण्यापेक्षा शिवणीवर संशय घ्या. या कामात शिवणीसाठी पाव इंच, म्हणजे दोन सूत धरतात. टीप अर्धा सूत आत गेली की दोन्ही तुकड्यांतून तेवढं जातं, म्हणजे जोडामागे एक सूत. दहा चौकोनांना नऊ जोड. ओळ एक इंच एक सुताने आखूड. शिवाय शिवण एका बाजूला दुमडली की घडीच्या जाडीतही थोडं कापड जातं. म्हणून टीप पाव इंचाच्या एक धागाभर अलीकडे, कडेच्या बाजूला मारायची.

मशीनच्या फूटवर (कापड दाबून धरणाऱ्या पायावर) विसंबू नका. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी-शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर सुई उजवीकडे सरकवा, किंवा नव्या अंतरावर जाड चिकटपट्टीची कड लावा आणि कापड तिला टेकवून शिवा. टाका २ ते २.५ मिमी ठेवा.

इस्त्री घासू नका, उचलून ठेवा. घासली की कापड ताणतं, उरेब (तिरक्या कापलेल्या) कडेला तर फारच. पहिल्या ओळीच्या शिवणी डावीकडे, दुसरीच्या उजवीकडे वळवा. दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की शिवणी एकमेकींत अडकतात आणि कोपरे आपोआप जुळतात.

झालेल्या ओळींत एक-दोन सुतांचा फरक असेल तर लांब ओळ खाली, मशीनच्या दात्यांच्या (खालून कापड सरकवणाऱ्या पट्टीच्या) बाजूला ठेवून टाचण्या लावून शिवा. दाते जास्तीचं कापड ओढून घेतात. इंचभर आखूड ओळ मात्र उसवावी. ओढून बसवली तर ती कायम आकसलेली दिसते.

प्रश्न: काठ लावला, पण कडेला झोल येतो. लांब पट्टी शिवत गेले आणि उरलेली कापली.

उत्तर: तिथेच बिघडलं. शिवताना काठ नकळत ताणला किंवा सैल सुटला, आणि मोजमाप कुठेच झालं नाही. गोधडीची लांबी कडेला न मोजता मधून मोजा. कड हाताळून सैल झालेली असते. दोन्ही काठ त्या मापाचे कापा, शक्यतो उभ्या धाग्यात. मध्य आणि चतुर्थांशावर खुणा करून टाचण्या लावा, मग शिवा. लावलेला काठ उसवाच. पुढे टाके घातले की झोल निघतो हा समज चुकीचा. त्याच्या चुण्या होतात.

प्रश्न: मागच्या बाजूला चुण्या आल्या.

उत्तर: अस्तर सैल राहिलं. ते चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठं घ्या, जमिनीवर सपाट चिकटवा; पण ताणता कामा नये. वर भरण, मग पुढचा भाग. मध्यापासून बाहेर, दर चार इंचांवर सेफ्टी पिन लावा. सरळ टाक्यांसाठी वॉकिंग फूट वापरा. तो वरचा आणि खालचा थर बरोबरीने सरकवतो.

प्रश्न: लाल कापडाचा रंग सुटेल का?

उत्तर: कापण्याआधी तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबा. डाग पडला तर पाणी निर्मळ येईपर्यंत धुवा. तरीही रंग सुटत राहिला तर या गोधडीसाठी दुसरं लाल निवडा.