पणजोबांचा माग : नाव नव्हे, जमिनीचा नंबर धरा

प्रश्न : आमचे पणजोबा सिन्नर तालुक्यातील एका गावी शेती करीत असत. दुष्काळात जमीन सावकाराकडे गेली आणि ते बैलगाडीत सामान घालून नाशिकला आले, असे आजी सांगत असे. त्यांचे पूर्ण नाव, जन्मसाल, भाऊ किती होते, यांपैकी आम्हाला काहीच ठाऊक नाही. घरात १९५८ सालचा एक सातबारा उतारा आहे. तो गावी उरलेल्या थोड्या जमिनीचा असून आजोबांच्या नावाचा आहे. लंडनला राहणाऱ्या भाच्याने पत्नीच्या घराण्याची माहिती तेथील १८८१ च्या जनगणनेच्या पानांतून मिळवली. आपल्याकडची जनगणना तशी पाहता येईल का? नसल्यास सुरुवात कोठून करावी? — एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : जनगणनेविषयी आधी सांगतो, कारण त्या आशेवर अनेक जण वर्ष-दोन वर्षे घालवतात. आपल्याकडच्या जनगणनेत पणजोबांचे नाव शोधून सापडणार नाही. मुंबई इलाख्यात पहिली जनगणना १८७२ साली झाली आणि देशभर एकाच वेळी मोजणी करण्याची पद्धत १८८१ पासून सुरू झाली, त्यामुळे मोजणीदार आपल्या पणजोबांच्या दारी आला असणार. परंतु घरोघर भरलेली पत्रके आकडे काढण्यापुरती होती. छापून जपले गेले ते आकड्यांचे तक्ते. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने व्यक्तीच्या नोंदी पाहण्यास आणि पुरावा म्हणून मांडण्यासही मनाई केली. इंग्लंडमध्ये अशी पत्रके शंभर वर्षांनी सर्वांसाठी खुली केली जातात, म्हणून आपल्या भाच्याला ती मिळाली.

तरीही जनगणना अगदीच बाजूला टाकू नये. १८९१ ते १९०१ या दशकात नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, त्यात प्लेगची साथ, असा तो काळ होता. आजी ज्या दुष्काळाविषयी बोलत असे तो यांपैकी एखादा असेल, तर शोध घेण्याची वर्षे बरीच आवाक्यात येतात. मात्र तो १८७६-७८ चा मोठा दुष्काळही असू शकतो, म्हणून कागद हाती येईपर्यंत कोणतेही एक साल मनाशी पक्के धरू नये.

आता आपल्या हातातल्या उताऱ्याकडे येऊ. या कामात माझे एकच आग्रहाचे सांगणे असते : पूर्वजाच्या नावामागे न लागता जमिनीच्या नंबरामागे जावे. नाव लिहिणाऱ्यागणिक बदलते. एकाच माणसाला एका कागदात घरचे लाडके नाव, दुसऱ्यात पाळण्यातले नाव आणि तिसऱ्यात आडनावाऐवजी गावकीतले पद लावलेले आढळते. जमीन मात्र जागची हलत नाही, आणि तिला नंबर दिल्यापासून तिच्यावर जे जे घडले ते त्या नंबराखाली कोठेतरी लिहिलेले असते.

आपला उतारा १९५८ चा आहे ही चांगली गोष्ट आहे, कारण त्यावर बहुधा जुना सर्व्हे नंबरच असेल. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा असला तरी प्रत्यक्ष योजना गावोगाव वेगवेगळ्या वर्षी राबवली गेली आणि त्यानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गट नंबरावरून मागे जायचे झाले, तर एकत्रीकरणाचे योजनापत्रक पाहून जुना सर्व्हे नंबर शोधावा लागतो. आपल्याला ती एक पायरी कदाचित चढावीच लागणार नाही.

उताऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात लिहिलेले आकडे आपण पाहिले असतील. ते फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक आहेत. जे नाव कमी झाले ते कंसात टाकलेले असते, आणि ते का कमी झाले हे त्या क्रमांकाच्या फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये लिहिलेले असते. तेव्हा आजोबांचे नाव ज्या फेरफाराने लागले त्याची नक्कल प्रथम मिळवावी. नाशिक जिल्ह्यातील जुन्या सातबारा व फेरफार नोंदवह्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर तालुका, गाव आणि नंबर देऊन पाहता येतात. तेथे पान न मिळाल्यास किंवा वाचता येण्याजोगे नसल्यास सिन्नरच्या तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा. अर्जात 'पणजोबांची माहिती मिळावी' असे न लिहिता गाव, सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक आणि वर्ष लिहावे. अभिलेखपालाला शोधायचा असतो तो कागद, आणि कागदाची ओळख त्याच्या क्रमांकाने होते.

त्या फेरफारात बहुधा 'अमुक वलद तमुक हा मयत, त्याचे वारस…' अशा धर्तीची नोंद सापडेल. वलद किंवा बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. अशा एका ओळीतून पणजोबांचे नाव आणि त्यांच्या वडिलांचेही नाव, म्हणजे दोन पिढ्या एकदम मिळतात. येथे एक चूक नेहमी होते, ती टाळावी. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वारसाची नोंद कित्येकदा माणूस गेल्यावर पाच-दहा वर्षांनी, भावाभावांत वाटणीची बोलणी सुरू झाली किंवा कर्ज काढायची वेळ आली म्हणजे केली जाई. त्याचप्रमाणे नावापुढे 'ए.कु.क.' अशी अक्षरे असतील तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लावलेला आहे, आणि त्याच्यामागे ज्यांची नावे कागदावर आलीच नाहीत असे भाऊ असण्याचा पुष्कळ संभव आहे. 'अ.पा.क.' असेल तर वारस अज्ञान, म्हणजे वयाने लहान, होता आणि कोणी पालनकर्ता होता. वडील तरुणपणीच गेल्याची ती खूण असते.

सातबारा हा नमुना साधारण १९३० च्या सुमारास रूढ झाला. त्याच्या आधीच्या काळासाठी कडईपत्रक आणि पाहणीपत्रक मागावे. हक्कनोंदीचा मुंबई इलाख्याचा कायदा १९०३ चा असल्याने फेरफारांची साखळी फार तर तेथवर जाते. त्यामागे जायचे तर भूमी अभिलेख कार्यालयातील शेतवार पत्रक, आकारफोड पत्रक आणि मोजणीची टिपणे पाहावी लागतात. नाशिक भागातील पहिली पद्धतशीर मोजणी १८४० च्या दशकात सुरू झाली. तसेच नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला हेही लक्षात ठेवावे. त्याआधी सिन्नर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात होते, तर मालेगाव आणि बागलाण खानदेशात, त्यामुळे फार जुन्या दप्तरात गाव त्या जिल्ह्याखाली शोधावे लागते.

नंबर बदलला किंवा त्याचे हिस्से पडले म्हणजे माग हरवल्यासारखा वाटतो. अशा वेळी क्षेत्र आणि आकार, म्हणजे जमिनीवरचा सरकारी सारा, यांची जोडी पाहावी. बंदोबस्त, म्हणजे साऱ्याची ठरवणूक, साधारणपणे ३० वर्षांसाठी केला जाई आणि तेवढ्या काळात सरकारी आकार सहसा बदलत नसे, म्हणून '३ एकर २७ गुंठे, आकार २ रुपये ९ आणे' असे दोन आकडे एकत्र जुळले, तर नंबर वेगळा दिसला तरी जमीन तीच असण्याची शक्यता मोठी असते. एकराचे ४० गुंठे, रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, एवढे गणित पाठ असले म्हणजे हिस्स्यांची बेरीज करून पाहता येते.

सावकाराकडे गेलेल्या जमिनीसाठी नोंदणी कार्यालयातील जुने दस्त पाहावेत. दस्तांची सूची वर्षवार असते, एक नावांची आणि एक मिळकतींची; वर्षांचा अंदाज जितका नेमका तितका शोध लवकर लागतो. गहाणखत आणि मुदत खरेदी हे दोन्ही प्रकार पाहावेत, कारण मुदतीत पैसे न फिटल्यामुळे खरेदी कायम झाली, अशा रीतीनेच कित्येकांच्या जमिनी गेल्या.

असा दस्त हाती आला तर तो घाईने वाचू नका. आमच्या घरच्या एका गहाणखताचे उदाहरण देतो. मजकूर मोडीत आहे आणि खाली पणजोबांच्या नावाशेजारी 'निशाणी नांगर' असे लिहून शाईने नांगराची छोटी आकृती काढलेली आहे. लिहिता न येणारा शेतकरी नांगर काढीत असे आणि बायका बांगडी. ते चित्र त्यांच्या हातचे की दस्त लिहिणाराच्या, हे मला आजवर ठरवता आलेले नाही, पण त्याची एक रेघ थरथरलेली आहे आणि ती पाहताना दर वेळी मन भरून येते. त्या कागदातून आमच्या वंशावळीला सर्वांत मोठी मदत झाली ती मात्र चतुःसीमेची. पूर्वेस ओहोळ, दक्षिणेस गाडीवाट असे लिहून उत्तरेस आमच्याच आडनावाच्या एका माणसाचे शेत नोंदवले होते. तो नंबर धरून फेरफार काढला तेव्हा ते पणजोबांचे सख्खे भाऊ निघाले. घरात त्यांचे नावही कोणी घेत नव्हते. तेव्हा आपल्या दस्तातील शेजारी आणि साक्षीदार यांची नावे वेगळ्या कागदावर उतरवून ठेवा. त्यांत भाऊबंद आणि सोयरे असतातच.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे ज्याला गावाकडे कोतवाल बुक म्हणतात ते पाहावे. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधासाठी या वह्या ठिकठिकाणी बाहेर काढून स्कॅन करण्यात आल्या, त्यामुळे त्या पूर्वीपेक्षा सुलभ झाल्या आहेत. आणि आपण पंचवटीतच राहता, तर रामकुंडावर आपल्या गावाच्या तीर्थोपाध्यायांकडे अवश्य जावे. गाव आणि आडनाव सांगितले की ते जुनी वही काढतात. श्राद्धासाठी किंवा सिंहस्थात आलेल्या पूर्वजांनी त्यात भाऊ, मुले, चुलते यांची नावे लिहवून घेतलेली असतात.

प्रश्न : घराण्यातील पुरुषांची नावे मिळाली, पण पणजीचे नाव आणि माहेर कोठेच मिळत नाही. जमिनीच्या कागदांत स्त्रिया नसतातच का? — एक वाचक, निफाड

उत्तर : असतात, परंतु पुरुष गेल्यानंतर. पणजोबांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार काढून त्यात कोम, भ्रतार किंवा बेवा हे शब्द शोधा. 'अमुक कोम तमुक' म्हणजे तमुकची बायको; भ्रतार म्हणजे नवरा आणि बेवा म्हणजे विधवा. मुले अज्ञान असतील तर आईचे नाव पालनकर्ती म्हणून येते. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत मर्यादित हक्क मिळाला आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीही वारस झाल्या, म्हणून १९५६ नंतरच्या फेरफारांत मुली सासरच्या नावांनिशी येऊ लागल्या.

याच वाटेने माहेरही सापडते. पणजीच्या माहेरचे गाव अंदाजाने ठाऊक असेल तर तेथे तिच्या भावाच्या किंवा वडिलांच्या नावचे फेरफार आणि त्यानंतर झालेली हक्कसोडपत्रे पाहा. बहिणींनी भावाच्या लाभात हक्क सोडताना दिलेल्या कागदात त्यांची सासरची गावे लिहिलेली असतात. पणजी १९५६ पूर्वीच वारली असेल तर हा मार्ग बंद होतो, आणि मग तीर्थोपाध्यायांची वही हाच आधार उरतो. श्राद्धात मातामहांचे स्मरण करावे लागते, त्यामुळे पणजोबांच्या मुलांनी, म्हणजे तिच्या मुलांनी, जी नोंद करवली असेल तिच्यात आजोळचे नाव लिहिलेले असू शकते.

प्रश्न : जुन्या कागदावर शके, फसली आणि अरबी अशी तीन तऱ्हेची साले आहेत. इसवी सन कसा काढावा? — एक वाचक, येवला

उत्तर : शके सालात ७८ मिळवावेत, कागद जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला असेल तर ७९. म्हणजे शके १८२१ चा श्रावण हा १८९९ मधला. दख्खनी फसलीत ५९० आणि अरबी म्हणजे सुहूर सनात ५९९ मिळवावेत. या दोन्हींचे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्याने जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला आणखी एक मिळवावा लागतो. सुहूर सन पुष्कळदा अक्षरांत लिहितात आणि एकं आधी येते : 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७२, म्हणजे इसवी सन १७७१-७२. तिथी, वार आणि साल असे तिन्ही कागदावर असतील तर जंत्रीत वार ताडून पाहा. वार जुळला नाही तर बहुधा सालाचा आकडा वाचण्यात चूक झालेली असते, कारण मोडीतील काही अंक जुन्या वळणात एकमेकांसारखे दिसतात.