कम्युनिटी कॉलेजला घातला म्हणजे पोरगा वाया गेला का?

एप्रिल उजाडला की बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) मराठी आईबाबांचे मला फोन सुरू होतात. ॲडमिशनची पत्रं आलेली असतात, 1 मे पर्यंत कुठेतरी हो म्हणायचं असतं, आणि आधी इकडचं तिकडचं बोलून झालं की मग हळू आवाजात तो प्रश्न येतो, "ताई, कर्ज टाळायला कम्युनिटी कॉलेजला घातला तर पोराचं नुकसान तर नाही ना होणार?" हळू आवाजात अशासाठी की शेजारच्या खोलीत पोरगा असतो.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं. प्रवेशाला मार्कांची अट नाही, फी अगदी कमी, आणि दोन वर्षं इथे नीट केली की तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेता येते. आपल्याकडे डिप्लोमावाली पोरं डायरेक्ट सेकंड इयर इंजिनीअरिंगला जातात ना, साधारण तसंच.

आता ज्या घराबद्दल सांगणारे ते फ्रीमाँटचं, 2022 मधलं. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. बाबा हार्डवेअर इंजिनीअर, मूळचे सांगलीकडचे, आई पार्टटाइम अकाउंट्सचं काम करायची, मुलगा बारावीत, धाकटी मिडलस्कूलात. मुलाला इकॉनॉमिक्स करायचं होतं. यूसी म्हणजे राज्याची युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, तिच्या बर्कली, यूसीएलए दोन्ही कॅम्पसकडून नकार आलेला, यूसी रिव्हरसाइडला मिळालेलं पण त्याचा तिथे जायचा मूड नव्हता, आणि बॉस्टनच्या एका खाजगी युनिव्हर्सिटीचं पत्र मात्र फ्रिजवर मॅग्नेटने लावलेलं. तिथला राहण्या-खाण्यासकट खर्च वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वर, त्यांनी दिलेली स्कॉलरशिप वजा करून सत्तरच्या आसपास उरत होते. मुलांच्या शिक्षणासाठीच्या 529 खात्यात त्याच्या नावावर साठलेले सत्तर हजार. म्हणजे पहिलं वर्ष संपलं की खातं रिकामं, आणि पुढच्या तीन वर्षांचे दोन लाखांवर पैसे कुठून आणायचे याला बाबांचं उत्तर तयार होतं, "काढू की लोन, शिक्षणासाठी काढलेलं कर्ज कधी वाया जात नाही."

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय! आणि ते का येतं तेही कळतं, कारण या बाबांच्या शिक्षणासाठी त्यांच्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलेलं आणि ते फिटलं, पोरगा अमेरिकेत आला. पण ते कर्ज आणि हे कर्ज यांत फरक आहे, तो मी कागदावर लिहून दाखवला. सरकारी स्टुडंट लोन मुलाच्या स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी फक्त 5,500 मिळतं, दुसऱ्या वर्षी 6,500, मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी 7,500. चार वर्षांचे मिळून 27,000. बास. म्हणजे "स्टुडंट लोन काढू" असं आपण म्हणतो तेव्हा त्यातला स्टुडंटचा वाटा एवढाच असतो, बाकीचं सगळं आईबापाच्या नावावर, एकतर पेरेंट प्लस (पालकांनी घ्यायचं सरकारी कर्ज) किंवा मग खाजगी बँकेचं, आणि तिथेही हमीची सही करायला आपणच.

तेव्हा पेरेंट प्लसला वरची मर्यादा नव्हती, पूर्ण खर्चाएवढं मिळायचं. आता 1 जुलै 2026 पासून नव्याने घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 एवढीच मर्यादा. काही पालक त्यावर चिडलेत, मला विचाराल तर बरंच झालं. 2025-26 चा व्याजदर 8.94 टक्के, त्या दराने 65,000 दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला 820 डॉलरच्या आसपास हप्ता बसतो, आणि हे फक्त एका मुलाचं, तेही बाप पन्नाशीत असताना, ज्याच्या कंपनीत दर सहा महिन्यांनी लेऑफची कुजबुज असते.

बाबा कागदाकडे बघत होते तेव्हा मी दुसरा कॉलम काढला. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला (प्रत्येक क्लास काही युनिटचा असतो) 46 डॉलर. ट्रान्सफरला 60 सेमिस्टर युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांची फी 2,760. पुस्तकं, पार्किंग, किरकोळ धरून सहा-सात हजार समजा. (पहिल्यांदाच कॉलेजला येणाऱ्या फुलटाइम मुलांना बऱ्याच कॉलेजांत ही फीसुद्धा माफ होते, तेव्हा उत्पन्न जास्त आहे म्हणून फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरायचा नाही असं करू नका, भरा.) मग यूसीची दोन वर्षं, वर्षाला चाळीस हजार धरा. सगळं मिळून 87,000. खात्यात 70,000 आहेत. कमी पडतात सतरा हजार, आणि शेवटच्या दोन वर्षांत मुलाच्याच नावावर पंधरा हजार मिळू शकतात, हमीला आईबापाची सही न लागता.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईच म्हणाली, "ताई, आकडे कळले हो. पण गुढीपाडव्याला मंडळात सगळे विचारणार, कुठे मिळालं? मी काय सांगू?"

खरी अडचण ही होती, आणि मला ती क्षुल्लक वाटत नाही. आपण इथे नातेवाईक सोडून आलेली माणसं, मंडळ हेच गाव, आणि गावात कोणाचा पोरगा कुठे लागला हे महत्त्वाचं असतंच. त्यामुळे "लोकांचा विचार करू नका" असलं काही मी सांगत नाही, कोणी करायचं थांबतं का? मी त्यांना एवढंच सांगितलं की हा मागच्या दाराचा रस्ता नाहीये, या राज्याने मुद्दाम आखलेला रस्ता आहे. 1960 च्या मास्टर प्लॅनमध्येच ठरलं की वरच्या साडेबारा टक्के मुलांना यूसी, वरच्या एक तृतीयांशला कॅल स्टेट (राज्याच्याच दुसऱ्या युनिव्हर्सिटीचे कॅम्पस), आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज, जिथून पुढे ट्रान्सफरची वाट उघडी राहील. आणि बाबा हार्डवेअरवाले, तेव्हा त्यांना म्हटलं, तुमचा ॲपलवाला वॉझ्नियाक कोलोरॅडोच्या युनिव्हर्सिटीहून परत येऊन डी आन्झा कम्युनिटी कॉलेजलाच होता की, मग बर्कली. त्यावर ते पहिल्यांदा हसले. डिग्रीवर नाव यूसीचंच येतं हेही त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

मग मी मुलाशी एकट्याशी बोलले. हे मी नेहमी करते आणि पालकांना कितीही राग आला तरी करते. तो इंग्रजीत सुरू झाला, मग मध्येच मराठीत म्हणाला, "काकू, मला बॉस्टनचं एवढं काही नाही. पण अजून दोन वर्षं त्याच रूममध्ये? आई दार न वाजवता येते."

म्हणजे बाबांना कर्जाची काळजीच नाही, आईला काळजी मंडळाची, आणि पोराला दाराची!

तर पुढचा अर्धा वेळ आम्ही दारावरच घालवला, आणि मला वाटतं या केसमध्ये तेच कामी आलं. घरी राहून कॉलेज करणारी मुलं बिघडतात ती बहुतेकदा अभ्यासाने नाही, घरात त्यांची बारावीच चालू राहते म्हणून. चौघांना समोर बसवून लिहून घेतलं: दार वाजवायचं, "कुठे चाललास" विचारायचं नाही पण रात्री येणार नसेल तर त्याने मेसेज टाकायचा, कॉलेजचं पोर्टल आईने उघडायचं नाही, ग्रेड्स सेमिस्टर संपल्यावर तो स्वतः दाखवेल. शेवटच्या कलमावर आई जवळजवळ उठून गेली. धाकटी मात्र मजेत ऐकत होती, तिला तिचं भविष्य दिसत असावं.

आता तो भाग जो बहुतेक पालक उडवून लावतात. कम्युनिटी कॉलेज स्वस्त आहे हे खरं, पण ते दोन वर्षांतच संपलं तर. देशभरात बघितलं तर तिथून ट्रान्सफर होणारी मुलं तिघांत साधारण एक. त्यात नोकरी सांभाळून शिकणारे, लेकरंबाळं असलेले खूप जण असतात, आपल्या पोरांची परिस्थिती तशी नसते हे मान्य. पण आपलीही पोरं अडकतात, आणि ती अडकतात ती चुकीचे क्लास घेऊन. मित्र घेतोय म्हणून हा घेतो, वर्षभराने कळतं की मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, लागणारा क्लास राहिलाच, तो पुढच्या सेमिस्टरला भरलेला, गेलं आणखी एक वर्ष.

म्हणून आम्ही उलटं बसलो. आधी कुठे जायचंय ते, मग तिथून मागे. असिस्ट डॉट ऑर्ग नावाची साइट आहे, फुकट आहे, त्यात तुमचं कम्युनिटी कॉलेज, जायची यूसी आणि मेजर टाकलं की कुठला क्लास कुठल्या क्लासच्या बदल्यात धरतात ती यादी येते. इकॉनॉमिक्सला मायक्रो, मॅक्रो, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स असं निघालं, त्यातल्या कॅल्क्युलसच्या पहिल्या क्लासचं काम त्याने शाळेत दिलेल्या एपी (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षेने होत होतं. ओलोनी कॉलेज घरापासून जवळ, तिथल्या काउन्सेलरकडून चारही सेमिस्टरचा एज्युकेशन प्लॅन लिहून घ्यायला लावला, क्लास सुरू व्हायच्या आधी.

आणि टॅग, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ या सहा यूसी ट्रान्सफरची लेखी हमी देतात, ठरलेला जीपीए (ग्रेड्सची सरासरी) आणि ठरलेले क्लास पूर्ण केले तर. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला टाकता येतो, सप्टेंबरमध्ये, आणि नंतर नेहमीचा यूसीचा अर्जही वेळेत भरावाच लागतो, हे दुसरं विसरून हमी घालवलेली मुलं आहेत. इंजिनीअरिंग, कॉम्प्युटर सायन्सला काही कॅम्पस टॅग देतच नाहीत, ते आधी बघा.

त्याचं कसं झालं? पहिलं सेमिस्टर भंगार. मित्रांचे डॉर्मचे (हॉस्टेलचे) फोटो, हा आपला आईची जुनी कॅमरी घेऊन कॉलेज ते घर. कॅल्क्युलसच्या पुढच्या क्लासमधून डब्ल्यू (ग्रेडशिवाय मध्येच सोडल्याची नोंद) घेऊन बाहेर पडला, घरात दोन दिवस अबोला, बाबांनी मला फोन करून "बघा, म्हटलं नव्हतं?" हेही ऐकवलं. तोच क्लास त्याने समरमध्ये केला. दुसऱ्या वर्षी ट्युटरिंग सेंटरमध्ये स्टॅट्स शिकवायला लागला तेव्हा त्याचा सूर लागला असं मला वाटतं, पैसेही मिळायला लागले. टॅग डेव्हिसला टाकला होता, तिकडे गेला, मॅनेजेरियल इकॉनॉमिक्सला. बर्कलीने दुसऱ्यांदा नकार दिला, तो त्याने आईला दार वाजवून जाऊन सांगितला. त्याच्या नावावर एका वर्षाचे 7,500 आहेत, बाबांच्या नावावर काही नाही.

हे वाचून सगळ्यांनीच हा रस्ता धरायचा असं नाही. मूल एच-4 वर (एच-1बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर फाफ्सा नाही, सरकारी लोन नाही, कामाची परवानगी नाही, आणि 21 पूर्ण झाली की स्टेटस बदलावा लागतो, जो बरोब्बर ट्रान्सफरच्या आसपास येतो. तेव्हा फी रहिवाशाची राहणार का हे कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला आणि वकिलाला आधी विचारा. पुण्या-नाशिकहून थेट एफ-1 या स्टुडंट व्हिसावर यायचा विचार असेल तर 46 डॉलरचा आकडा विसरा, परदेशी विद्यार्थ्यांना युनिटमागे त्याच्या कितीतरी पट पडतात.

आणि मागच्या वर्षी सॅन होजेच्या एका आईबाबांनी नेमकी हीच गोष्ट कोणाकडून तरी ऐकली आणि मुलीला कम्युनिटी कॉलेजलाच घालायचं ठरवून आले. तिला मेकॅनिकल करायचं होतं आणि सॅन होजे स्टेटला, म्हणजे कॅल स्टेटच्याच कॅम्पसला, थेट मिळालं होतं. कॅल स्टेटची ट्यूशन तेव्हा वर्षाला साधारण साडेसहा हजार, वर कॅम्पसची फी, ती घरूनच जाणार, त्यामुळे डॉर्मचा खर्च नाही. मेकॅनिकलला फिजिक्स-मॅथ्सची लांबलचक साखळी असते, एक क्लास हुकला की पुढचे सगळे सरकतात. मी सांगितलं, दोन वर्षांत फार तर चौदा-पंधरा हजार वाचतील, आणि तिची हातात आलेली मेकॅनिकलची सीट पुन्हा मागायला लागेल. बाबा म्हणाले, "पण तुम्हीच तर सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज सांगता ना?" मी म्हटलं, काका, आधी ॲडमिशन स्वीकारा, बाकीचं डिपॉझिट भरल्यावर बोलू.