ऐपत नसताना सुपरकारच्या प्रीव्ह्यूला जाण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. महागड्या स्पोर्ट्स कारच्या लाँचआधीच्या प्रीव्ह्यूचं आमंत्रण कसं मिळतं, आणि गाडी घ्यायची ऐपत नसेल तर तिथं जाण्यात काही अर्थ आहे का.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: आपल्यासारख्याला मिळत नाही. ज्याच्या दारात आधीच त्या तोलाची गाडी उभी आहे, त्याला डीलरचा फोन येतो. त्याला सोबत एक माणूस नेता येतो. तो माणूस तुम्ही असलात तर गेलात. मी तसाच गेलो.

दुसऱ्या प्रश्नातला 'ऐपत' हा शब्द मात्र डोक्यात गेला. आमच्या घरी सणावाराला पाहुणे जमले की हाच विषय निघतो, म्हणून लिहून राहिलो आहे.

हिंगणघाटकडे माझं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. आमच्या भागातल्या एका जिनिंगवाल्यांचे ट्रॅक्टर वर्षानुवर्षं माझ्याकडेच येतात. त्यांचा मुलगा नागपूरला राहतो, गाड्यांचा शौकीन, स्वतःची जर्मन स्पोर्ट्स कार आहे. 2023 मध्ये लॅम्बोर्गिनीची रेव्हुएल्टो भारतात यायची होती, किंमत अजून जाहीर व्हायची होती, आणि मुंबईत एका हॉटेलात निवडक लोकांना गाडी दाखवणार होते. त्याच्या बायकोला यात काडीचा रस नाही. मला म्हणाला, "काका, चलता का मुंबईले? गाडीखाली वाकून पाहनारा दुसरा मानूस मले मालूम नाही." तो विमानानं गेला, मी वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेसनं.

निघायच्या आदल्या दिवशी आमचे साळेबुवा घरी. जिल्हा परिषदेत मास्तर आहेत. पिशवी भरताना पाहून म्हणाले, "घेनं नाही, देनं नाही. तिथं जाऊन करता काय भाऊजी?" मी काही बोललो नाही, बहीण-भावात भांडण नको म्हणून.

तर तिथं काय असतं ते सांगतो. पहिला तासभर फुकट जातो. मोठ्या पडद्यावर फिल्म, ढोलाच्या आवाजाइतकं संगीत, सूत्रसंचालन करणारी मुलगी टाळ्या मागते. मग दिवे मालवतात, कापड ओढतात आणि गाडी दिसते. नारिंगी होती. त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही: जितके घेणारे होते तितके सगळे गाडीकडे पाठ करून उभे राहिले. फोटो! आठ-नऊ कोटींची वस्तू मागे आणि हे मोबाइलात दात दाखवून राहिले. पुढे डिसेंबरात एक्स-शोरूम किंमत 8.89 कोटी जाहीर झाली, म्हणजे अंदाज बरोबरच होता.

मी मागच्या चाकाशी उकिडवा बसलो. टायरवर 345 लिहिलं होतं, म्हणजे रुंदी 345 मिलिमीटर. आता आपल्या 45 हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला मागे 13.6-28 चं टायर येतं, त्यातलं 13.6 म्हणजे इंच. करा 25.4 नं गुणाकार. 345 मिलिमीटरच भरतात! काळ्या मातीत रोटाव्हेटर ओढायला जेवढी रुंदी लागते तेवढीच या गाडीला डांबर धरायला लागते. ट्रॅक्टरची 45 हॉर्सपॉवर, हिची इंजिन आणि तिन्ही इलेक्ट्रिक मोटरी धरून 1,015. तिथं बसल्या बसल्या हसू आलं, तर सूटवाला एक जण विचारायला आला, सर, काही पडलं का?

इंजिन मागे आहे आणि वरून उघडंच ठेवलं आहे. बारा सिलिंडर, साडेसहा लिटर, टर्बो नाही, 9,500 आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तितके फेरे फिरतं. आपलं डिझेल 2,200 च्या वर नेलं की मालकच ओरडतो. इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स आडवा बसवला आहे. जुन्या मॉडेलात गिअरबॉक्स जिथं होता, दोन्ही सीटांच्या मधल्या बोगद्यात, तिथं आता बॅटरी. मी बराच वेळ पाहत होतो, आठ गिअर एवढ्याशा पेटीत मावले कसे? शेवटी कंपनीच्या तांत्रिक माणसाला विचारलं, "रिव्हर्सचा गिअर कुठं ठेवला?"

त्याचा चेहराच उजळला. म्हणाला, नाहीच. गाडी मागे घ्यायची तर इंजिनाचं कामच नाही, पुढच्या चाकांच्या इलेक्ट्रिक मोटरी उलट्या फिरतात. गिअर कमी, वजन कमी, पेटी लहान. मी म्हटलं, मग बॅटरी उतरली तर गाडी मागे जायची कशी? तर बॅटरी लहान आहे, 3.8 किलोवॉट-तासांची, नुसत्या विजेवर दहाएक किलोमीटर चालेल एवढीच, आणि इंजिन तिला सहा मिनिटांत भरून काढतं. पार्किंगमध्ये उलटं घेण्यापुरती वीज तिच्यात राहते. त्याच्याशी बोलण्यात माझं जेवण राहिलं. एकाही घेणाऱ्यानं हे विचारलं नव्हतं, हे त्यानंच सांगितलं.

म्हणून साळेबुवांना माझं सांगणं आहे, तुमच्या निमित्तानं सांगून घेतो. पाहायला ऐपत लागत नाही, घ्यायला लागते. ही कंपनी काढणारे फेरुच्चो लॅम्बोर्गिनी शेतकऱ्याच्याच घरचे. दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या लष्करी गाड्यांचे सुटे भाग जोडून त्यांनी ट्रॅक्टर बनवले, 1948 मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि गाड्यांची 1963 मध्ये. त्यांच्या फेरारीचा क्लच सारखा जायचा, तक्रार केली तर तुम्ही ट्रॅक्टरच चालवा असं ऐकावं लागलं, म्हणून गाडीच काढली, अशी कथा सांगतात. खरीखोटी कथा असू द्या, ट्रॅक्टरवाला खोटा नाही.

आणि मास्तर स्वतः काय करतात? दरवर्षी तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं पट बंद पडले, 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, तेव्हा पेढे वाटले या माणसानं. कोणती जोडी किती सेकंदांत सुटली, कोणत्या बैलाचा खांदा कसा आहे, सगळं तोंडपाठ. दारात एक शेळी नाही! पटावर तुम्ही बैल घ्यायला जाता का हो मास्तर? रेव्हुएल्टो हेही एका बैलाचंच नाव आहे, 1880 च्या काळातला बार्सिलोनाच्या झुंजीतला बैल. मग तुम्ही पाहिलेला तो शौक आणि मी पाहिलेलं ते येडपट?

खरा वाद पोरावरून आहे, हे कळलंच असेल. पोरगं ऑटोमोबाइलच्या डिप्लोमाला जायचं म्हणते, मामा म्हणते स्पर्धा परीक्षा दे, हात काळे करून काय मिळते. मुंबईहून आलो आणि त्या रिव्हर्स गिअरचं सांगितलं, तर पोरानं वहीवर गिअरबॉक्स काढून दाखवला, मोटरीसकट. फॉर्म मी भरला आहे. मामाला विचारलं नाही.

आता राहिलेलं. नुसत्या फोटोसाठी जात असाल तर जाऊ नका, रेल्वेचं तिकीट वाया जातं. गाडीत बसायला देतीलच असं धरून चालू नका, मला दिलं नाही, ज्यांनी बुकिंगची चौकशी केली त्यांनाच आत बसवलं, आणि त्यात मला गैर वाटत नाही. ज्याच्यासोबत जाल त्याच्या नावानं तुम्ही आत गेलेले असता, तेव्हा मायलेज विचारून त्याची मान खाली घालू नका. गाडीला हात लावायच्या आधी विचारा, हातात अंगठी किंवा कडं असेल तर काढून ठेवा. तंत्रज्ञ कोण आणि विकणारा कोण हे आधी ओळखा, विकणारा तुमच्या बुटांकडे पाहतो. आणि जेवण साडेनऊशिवाय लागत नाही, तेव्हा काहीतरी खाऊनच जा.