हॉलमधला पियानो आपला नसतो

अरे, व्हायोलिनवाला आपलं वाद्य खांद्याला अडकवून फिरतो, पियानोवाल्याला मात्र टूरवर प्रत्येक गावात जे उभं असेल त्यावरच वाजवावं लागतं, हे आधी डोक्यात पक्कं बसव. जगप्रसिद्ध पियानोवादक होरोविट्झनी 1986 ला मॉस्कोला स्वतःचा स्टाईनवे पियानो नेला, पण ते होरोविट्झ! तू आत्तापासूनच मिळेल त्या पियानोवर बस, क्लासमधला, चर्चमधला, मुंबईच्या पावसाळी हवेत पट्ट्या जड झालेला सुद्धा. हॉलवर पोचलास की लगेच मोठे पीस वाजवत सुटू नको, एकेक पट्टी अगदी हळू दाबून बघ, कुठली उशिरा बोलते ते कळतं, आणि पियानो सुरात लावणारा ट्यूनर निघायच्या आत त्याला सांग. मी एकदा संकोचाने गप्प बसलो, आणि संगीतकार शोपाँच्या नॉक्टर्नमध्ये, म्हणजे त्याच्या एका हळुवार रचनेत, नेमका तोच सूर गिळला गेला, अजून बोचतं.